मासे पाण्यावर येऊन धापा टाकतायत? औषध ओतण्याआधी वेळ बघा

तक्रार जवळजवळ नेहमी सारखीच असते. दोन फुटी टाकी, तळाला सॉईल (झाडांसाठी मिळणारी खतयुक्त माती) किंवा वाळू, हिरवीगार झाडं, पंधरा-वीस मासे. दिसायला सगळं छान. पण मासे वरच्या थरात गोळा झालेत, तोंडाची उघडझाप चालू आहे, कल्ले भराभर हलतायत आणि दाणे टाकले तरी कुणी खाली यायला तयार नाही. दोन दिवसांनी एखादा मरतो. मग दुकानातून निळं औषध येतं, ते टाकीत पडतं आणि आठवडाभरात निम्मी टाकी रिकामी होते.

सांगली-मिरजेत ओळखीच्या घरांतून हा बिघाड मी वर्षानुवर्षं निस्तरत आलो आहे. बहुतेक ठिकाणी मासे आजारी नसतातच. पाण्यातला प्राणवायू कमी पडलेला असतो, नाहीतर पाण्यातल्या कशाने तरी कल्ले पोळलेले असतात. या दोन्हीवर औषध नाही. उलट मिथिलीन ब्लूसारखं औषध फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मारतं आणि झाडंही खराब करतं, म्हणजे आधीच अडचणीत असलेल्या टाकीचा उरलासुरला आधार जातो.

लक्षणं: धाप कधी लागते ते लिहून ठेवा

फोनवर मी पहिला प्रश्न हाच विचारतो. रंग, ठिपके, शेपटी हे नंतर. आधी वेळ सांगा.

- पहाटे आणि सकाळी दिवा लागायच्या आधी मासे वर असतात, दहा-अकरापर्यंत आपोआप सावरतात: रात्री प्राणवायू संपतोय, किंवा कार्बन डायऑक्साइड साठतोय.
- दुपारी दोन ते पाच, तेही मार्च ते मे: उष्णता.
- पाणी बदलल्यावर तासाभरात, मासे सैरावैरा पळतात, उड्या मारतात आणि मग वर येतात: क्लोरीन किंवा पाण्याच्या तापमानातला फरक.
- लाईट जाऊन आल्यावर: फिल्टर.
- दिवसभर, रात्रंदिवस, काही मासे तळाला पंख मिटून बसलेले, कल्ले लालभडक किंवा तपकिरी: अमोनिया किंवा नायट्राइट, म्हणजे माशांच्या घाणीतून होणारी विषं. नव्या टाकीत याच्यावरच पहिला संशय.
- एकच मासा वर, बाकीचे मजेत: त्या माशाचा आजार.

एक खबरदारी. बेट्टा आणि गुरामी मधूनमधून वर येऊन हवा गिळतात, ती त्यांची रीतच आहे. त्यांना त्यासाठी वेगळा अवयव असतो. कोरीडोरासही तळातून सूरकन वर येऊन परत जातो. गप्पी तर कायम वरच्या थरातच फिरतात. वर येऊन मासा लगेच खाली जात असेल तर ती धाप नव्हे. वरच तरंगत राहून कल्ले मारत असेल तर ती धाप.

मासे अगदीच शेवटच्या घटका मोजत असतील तर कारण शोधत बसू नका. एअर पंप असेल तर लावा, नसेल तर मगभर पाणी फूटभर उंचीवरून टाकीत परत परत ओता. साठवलेलं, क्लोरीन उडालेलं पाणी घरात असेल तर तिसरा हिस्सा पाणी बदला. दाणे बंद करा. एवढं झालं की खालच्या क्रमाने जा. क्रम साधारण स्वस्ताकडून महागाकडे लावलाय. मधली पायरी गाळून थेट टेस्ट किटवर किंवा नव्या फिल्टरवर जाऊ नका, बऱ्याच टाक्या पहिल्या तीन पायऱ्यांतच सुधारतात.

1. पाण्याचा पृष्ठभाग हलतोय का? (फुकट)

दिव्याच्या उजेडात डोळे पाण्याच्या पातळीला आणून तिरकं बघा. पाण्यावर तेलकट, किंचित रंगीत चमक दिसते का? बोट फिरवलं की फाटते आणि परत जुळते? हा तवंग म्हणजे दाण्यांतलं तेल, सडक्या पानांतून सुटलेले पदार्थ आणि जिवाणूंची साय. झाडांच्या टाकीत तो हमखास येतो, कारण झाडं हलू नयेत म्हणून लोक फिल्टरचा झोत अगदी मंद ठेवतात.

हे आधी का तपासायचं, तर प्राणवायू पाण्यात प्रामुख्याने पृष्ठभागातूनच शिरतो. एअर स्टोनच्या (एअर पंपाच्या नळीच्या टोकाला लावायच्या सच्छिद्र दगडाच्या) बुडबुड्यांचाही मुख्य फायदा हाच, की ते वर येताना पाणी ढवळतात. पृष्ठभाग निपचित असेल तर फिल्टर कितीही भारी असो, उपयोग कमी.

उपाय: वर्तमानपत्राचा किंवा टिश्यूचा कागद पाण्यावर अलगद पसरा आणि एका बाजूने उचला, तवंग त्याला चिकटून येतो. मग फिल्टरचं तोंड वर वळवा, पाण्यावर बारीक लाटा दिसायला हव्यात. टॉप किंवा हँग-ऑन (टाकीवर बसणारा किंवा काठाला लटकणारा) फिल्टर असेल तर पाण्याची पातळी दोन-तीन सेंटीमीटर उतरवा, म्हणजे धार वरून पडेल. आवाज थोडा वाढेल. वाढू द्या.

2. रात्री टाकीत काय घडतं? (फुकट ते काही शे रुपये)

“इतकी झाडं आहेत, मग ऑक्सिजन कमी कसा?” हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि तो रास्त आहे. झाडं प्राणवायू सोडतात ती उजेडात. दिवा बंद झाला की तीच झाडं माशांसारखी प्राणवायू वापरतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. वाळूतले, फिल्टरमधले जिवाणूही रात्रंदिवस प्राणवायू ओढत असतात. त्यामुळे दाट झाडांच्या टाकीत सर्वांत कमी प्राणवायू पहाटे असतो. पहाटेची धाप हे त्याचं सरळ उत्तर.

उपाय सोपा आहे: दिवा बंद झाल्यावर एअर पंप चालू, सकाळी दिवा लागला की बंद. साधा टायमर लावला की लक्षात ठेवायला नको. पंप टाकीच्या पाण्यापेक्षा उंचावर ठेवा, किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. नाहीतर लाईट गेली की पाणी नळीतून उलटं पंपात येतं आणि तिथून जमिनीवर.

झाडांना कार्बन डायऑक्साइड मिळावा म्हणून साखर आणि यीस्टची बाटली लावली असेल तर तिच्यावर माझा विशेष राग आहे. बाटलीला बंद करायचं बटण नसतं. रात्री झाडांना वायू नको असतो तेव्हाही ती फसफसत राहते, आणि एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडच्या गरमीत यीस्ट दुप्पट जोमाने चालतं. धाप लागत असेल तर आज रात्रीपासून नळी टाकीबाहेर काढून ठेवा. बाटलीचं झाकण मात्र गच्च बंद करू नका, दाबाने फुटेल. बाटलीऐवजी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर असेल तर वायू दिवा लागण्याच्या तासभर आधी चालू आणि दिवा बंद होण्याच्या तासभर आधी बंद.

वॅलिसनेरिया, जावा फर्न, अनुबियास, क्रिप्टोकोरीन, हायड्रिला ही सगळी झाडं जादा वायूशिवाय घरच्या टाकीत उत्तम वाढतात. गालिच्यासारखी लाल-हिरवी नाजूक झाडं हवी असतील तरच वायूच्या भानगडीत पडा.

3. थर्मामीटर (स्वस्त)

हात बुडवून अंदाज घेऊ नका. काचेचा साधा थर्मामीटर आणा आणि दुपारी तीनला व पहाटे पाचला आकडे घ्या. बहुतेक उष्णकटिबंधीय माशांना 24 ते 28 अंश बरं. मे महिन्यात पत्र्याच्या छताखाली किंवा पश्चिमेच्या खिडकीजवळ टाकी सहज 33-34 ला जाते.

उष्णतेचा मार दुहेरी असतो. 25 अंशाला लिटरभर पाण्यात जास्तीत जास्त सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, 32 अंशाला सव्वासातच. हे आकडे समुद्रसपाटीचे. सांगली साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे आणखी थोडा कमी. आणि गरम पाण्यात माशाच्या शरीराला लागतो मात्र जास्त.

झाकण काढा, वर जाळी ठेवा, आणि छोटा पंखा पाण्यावर तिरका लावा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. कोरड्या एप्रिलमध्ये हे छान चालतं, पावसाळी दमट हवेत कमी. पाणी रोज उडेल तेवढी भर आरओच्या पाण्याने घाला, नळाच्या किंवा बोअरच्या नको. पाणी उडतं पण क्षार मागेच राहतात, त्यात क्षाराच्या पाण्याची भर घालत गेलात तर महिन्याभरात टाकीतलं पाणी जड होतं. दिवा सहा-सात तासांवर आणा आणि दुपारऐवजी संध्याकाळी लावा. बर्फ थेट टाकू नका. तासाभरात चार-पाच अंशांचा हिसका माशाला उष्णतेइतकाच वाईट.

साताऱ्यात थंडीसाठी हीटर लावलेला असतो आणि तो उन्हाळ्यातही प्लगमध्येच राहतो. हीटरचा थर्मोस्टॅट अडकला की टाकी तापतच जाते. मार्च आला की प्लग काढा.

4. कुठलं पाणी, आणि कधी भरलं? (फुकट ते काही रुपये)

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते माणसांसाठी हवंच. पावसाळ्यात कृष्णेला गढूळ पाणी आलं की नळाला क्लोरीनचा वास जाणवेल इतका येतो. तेच पाणी थेट टाकीत घातलं की माशांचे कल्ले पोळतात, आणि फिल्टरमधले जिवाणू मरतात ते वेगळंच. म्हणून क्लोरीनच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अमोनिया वाढतो आणि धाप पुन्हा लागते. लोकांना वाटतं हे नवीनच काहीतरी. ते नवीन नसतं.

उघड्या पिंपात किंवा बादलीत 24 तास पाणी ठेवा, एअर स्टोन सोडलात तर अधिक चांगलं. घाई असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, बाटलीवर लिहिलंय तेवढेच, आणि पाणी टाकीत ओतण्याआधी बादलीत.

दुसरी गोष्ट गच्चीवरच्या काळ्या टाकीची. मे महिन्यात दुपारी तिच्या नळाचं पाणी हाताला चटका देतं. पाणी बदलायचं ते सकाळी, एका वेळी पाव हिस्सा, आणि दोन्हीकडे थर्मामीटर बुडवून. एक-दोन अंशांपेक्षा जास्त फरक नको.

बोअरचं पाणी वापरत असाल तर क्लोरीनची चिंता नाही, पण क्षारांची आहे. मिरज-वाळव्याकडे नदीकाठच्या क्षारपड जमिनी सगळ्यांना ठाऊक आहेत. तिथल्या बोअरच्या पाण्यात मॉली, गप्पी, प्लॅटी आनंदाने राहतात आणि निऑन टेट्रा झुरतो. स्वस्तातला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) नेमकी कठीणता सांगत नाही, पण पाणी हलकं की जड याचा अंदाज देतो. जड पाणी असेल तर मासे पाण्याप्रमाणे निवडा. पाणी माशाप्रमाणे बदलत बसणं दर आठवड्याला जमत नाही, आणि जिथे सातत्य तुटतं तिथे मासे मरतात.

साताऱ्यात कास तलावाचं पाणी येतं तिथे उलटी अडचण. पाणी इतकं हलकं, की आम्लता सांभाळायला त्यात काही नसतं. काही महिन्यांत पीएच (आम्लतेचं माप, कमी आकडा म्हणजे जास्त आम्ल) घसरत 6 च्या खाली गेला की अमोनिया पचवणारे जिवाणू मंदावतात. फिल्टरमध्ये स्वच्छ धुतलेल्या शिंपल्यांच्या चुऱ्याची लहान पुरचुंडी ठेवली की तोल राहतो.

5. फिल्टर कसा धुतला? (फुकट)

स्पंज नळाखाली पांढराशुभ्र होईपर्यंत पिळला असेल तर कारण सापडलं. तो तपकिरी चिकटपणा म्हणजेच तुमचा फिल्टर. बदलून काढलेल्या टाकीच्या पाण्यात स्पंज दोन-तीनदा दाबायचा, बस. आणि सगळे स्पंज एकदम नाही, एक आज, दुसरा दोन आठवड्यांनी.

लाईट तीन-चार तास गेली तर कॅनिस्टरमधलं (टाकीबाहेर ठेवायच्या बंद डब्याच्या फिल्टरमधलं) पाणी कुजायला लागतं, जिवाणू गुदमरतात. लाईट आल्यावर तो तसाच चालू केला की ते घाण पाणी टाकीत येतं. उघडा, आतलं पाणी फेका, टाकीच्याच पाण्याने विसळा, मग चालू करा. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरात ज्यांनी टाक्या सांभाळल्या त्यांना हे सांगायला नको. बॅटरीवर चालणारा लहान एअर पंप आणि साधा स्पंज फिल्टर घरात असावाच. लाईट नसेपर्यंत दाणे अजिबात नाहीत. धडधाकट मोठा मासा चार-पाच दिवस उपाशी सहज राहतो.

6. टेस्ट किट: अमोनिया, नायट्राइट, पीएच (थोडा खर्च)

इथपर्यंत सगळं बरोबर आणि तरी दिवसभर धाप, तर आता किट आणा. पट्ट्यांपेक्षा थेंबांचं किट घ्या.

माशांच्या मूत-विष्ठेतून आणि उरलेल्या दाण्यांतून अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट, आणि नायट्रेट झाडं खातात. ही साखळी बसायला नव्या टाकीत साधारण चार ते सहा आठवडे लागतात. “रविवारी टाकी, सोमवारी मासे” हा हिशेब इथे फसतो. सॉईल वापरली असेल तर ती स्वतःच सुरुवातीचे काही आठवडे अमोनिया सोडते. झाडांना तो चालतो, माशांना नाही.

अमोनिया शून्य हवा, नायट्राइट शून्य हवं, नायट्रेट लिटरला 40 मिलिग्रॅमच्या खाली. अमोनियाचा आकडा वाचताना पीएच शेजारी ठेवाच. 25 अंशाला पीएच 7 असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच 8 असेल तर पाच टक्क्यांच्या वर. म्हणून एकाच आकड्यावर एकाची टाकी तग धरते आणि बोअरवाल्याची एका रात्रीत जाते.

अमोनिया दिसला तर: रोज तिसरा हिस्सा पाणी बदला, दाणे दोन दिवस बंद, वितळलेली पानं आणि दगडामागे मेलेला मासा किंवा गोगलगाय शोधून काढा. नर्सरीत पाण्याबाहेर वाढवलेली झाडं पाण्यात आली की पहिल्या महिन्यात जुनी पानं सोडतात, क्रिप्टोकोरीन तर सगळीच्या सगळी. झाड उपटू नका, मुळातून नवी पानं येतात. पण सडकं पान टाकीत ठेवू नका.

नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं. पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो, कल्ले तपकिरी पडतात. यावर खडा मीठ गुणकारी आहे, कारण मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. दर 10 लिटरला 1 ग्रॅम पुरे, बादलीत विरघळवून. एवढ्याने झाडांना काही होत नाही. मूठभर टाकलं तर होतं.

सगळ्यांत चांगला उपाय मात्र विकत मिळत नाही: एखाद्याच्या जुन्या, निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज मागून आणा आणि आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. डब्यात त्याच टाकीचं पाणी घालून, सुकू न देता.

7. मासे जास्त आहेत का? (मनाला जड)

दोन फूट बाय एक बाय एक टाकीत कागदावर 56 लिटर, पण वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वजा जाता पंचेचाळीसच्या आसपास पाणी. त्यात आठ-दहा लहान टेट्रा किंवा चेरी बार्ब आणि तळाला पाच-सहा लहान कोरीडोरास, इथे थांबावं. दुकानात दोन इंची दिसणारा प्लेको फूटभर होतो. गोल्डफिश थंड पाण्याचा, घाण भरपूर करणारा आणि कोवळी झाडं कुरतडणारा; या टाकीत तो नकोच. मासे एकदम नको, दर दोन आठवड्यांनी चार-पाच. प्रत्येक भरतीनंतर जिवाणूंना वाढायला वेळ लागतो.

जास्तीचे मासे दुकानात परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्याला द्या. कृष्णेत, विहिरीत, तलावात सोडू नका. त्या पाण्यातल्या मूळ माशांवर ते संकट आहे.

इथे थांबा

किट सगळं बरोबर दाखवतंय, पाणी हलतंय, तापमान ठीक आहे आणि तरी मासे अंग दगडाला घासतायत, एका बाजूचा कल्ला मिटलेला आहे, अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके आहेत किंवा एकामागून एक मरतायत, तर हा आजार किंवा कल्ल्यांतला परजीवी आहे. तो मासा वेगळ्या बादलीत एअर स्टोन लावून ठेवा आणि अंदाजाने औषधं टाकणं बंद करा. जनावरांच्या डॉक्टरांना विचारा, त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक असेल तर कल्ल्याचा नमुना बघता येतो. मत्स्यशास्त्र शिकलेला कोणी ओळखीत असेल तर आणखी चांगलं. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, तिथले विद्यार्थी आपल्या भागातही असतात. जाताना लिटरभर टाकीचं पाणी, वेळेची नोंद आणि आतापर्यंत काय काय टाकलंत त्याची यादी न्या. यादीतलं काही लपवू नका, दोन औषधं एकमेकांवर पडली की मासा औषधानेच मरतो.

पाण्यात हात घातल्यावर झिणझिण्या आल्या तर तो प्रश्न माशांचा राहिलाच नाही. मेन स्विच बंद करा, मग प्लग काढा, आणि वायरमन येईपर्यंत टाकीला हात लावू नका. हीटरची काच तडकलेली असते किंवा पंपाची वायर खरचटलेली असते. प्रत्येक वायर प्लगकडे जाताना खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये जाणार नाही.

काचेच्या सांध्यातून थेंब येत असेल किंवा स्टँड एका बाजूला झुकला असेल तर टाकी अर्धी रिकामी करा आणि टाक्या बनवणाऱ्याला बोलवा. भरल्या टाकीला बाहेरून सिलिकॉन लावून गळती थांबत नाही.

कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचा रेग्युलेटर सुसू आवाज करत असेल तर मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, खिडक्या उघडा आणि गॅसवाल्याकडे द्या, पान्याने स्वतः आवळत बसू नका. 31 अंशांच्या वर हा वायू सिलिंडरमध्ये द्रवरूपात राहत नाही आणि पूर्ण भरलेल्या सिलिंडरचा दाब झपाट्याने चढतो. सांगलीचा मे महिना त्याच्या बराच वर असतो, म्हणून सिलिंडर उन्हात, स्वयंपाकघरात किंवा बंद कपाटात ठेवू नका, आणि भरून आणताना काठोकाठ भरू देऊ नका.

सावरल्यावर

धाप थांबली की लगेच नवे मासे आणू नका. दोन आठवडे रोज पहाटे एकदा टाकीकडे नजर टाका, आठवड्यातून एकदा अमोनिया-नायट्राइट तपासा. दाणे दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपतील इतकेच. घरात लहान मुलं किंवा आजी-आजोबा असतील तर माशांना प्रेमाने चारचारदा खाऊ मिळतो. त्यांच्याकडून दाण्यांचा डबा काढून घेण्यापेक्षा दिवसभराचा वाटा सकाळीच एका छोट्या डबीत मोजून द्या आणि मोठा डबा वरच्या फळीवर ठेवा.